डबा बाहेरून गार होता

या अंकाचे संपादक दर वर्षी गणपतीच्या सुमारास फोन करतात आणि मी त्यांना फौंड्रीतली एखादी गंमत लिहून देतो. ओतकाम चालू असताना लाइट गेली तेव्हा कोण कसं पळालं, कुठल्या गिऱ्हाइकानं तडा गेलेला पंप पेढे घेऊन परत केला, असलं काहीतरी. वाचकांना ते आवडतं, मला सोपं जातं. नोकरीची शेवटची वर्षं तुम्ही प्लास्टिकमध्ये काढलीत, त्यावर लिहा की, असं त्यांनी बऱ्याचदा सुचवलं. मी म्हणायचो, प्लास्टिकवर काय लिहायचं, त्याला धड वासही नसतो. हे खरं नव्हतं. प्लास्टिकला चांगला वास असतो, आणि त्यावर लिहिण्यासारखी एक गोष्ट माझ्याजवळ होती. तीच लिहायची नव्हती.

या उन्हाळ्यात एका मित्राच्या मुलानं नवी मशीन घेतली म्हणून मला बघायला बोलावलं. निवृत्त माणसाला मशीन दाखवणं हा आमच्या एमआयडीसीत पाहुणचारातला प्रकार आहे. चहा झाला, मशीन बघितली. शेजारी एक चांगला वयस्कर ऑपरेटर प्लास्टिकचा दाणा ओंजळीत घेऊन बघत होता. त्याला त्यात एक पांढरी गुठळी दिसली. तो पलीकडच्या माणसाला ओरडून म्हणाला, "अरं, ह्यात गावडे झालाय बघ. पोतं बाजूला काढ."

मी विचारलं, "गावडे म्हणजे काय ओ?"

"गुठळी, सायब. मिक्सिंग बिघडलं की आम्ही गावडे झाला म्हणतोय."

"ते कळलं. पण गावडे कोण?"

त्यानं म्हाताऱ्या माणसाकडं बघतात तसं माझ्याकडं बघितलं. "कोण न्हाय. असंच म्हणत्यात सगळी."

गावडे नावाचा माणूस होता. चंदगडचा होता, माझ्या हाताखाली मिक्सिंग बघत होता, आणि त्याच्या मिक्सिंगमध्ये मी एकदाही गुठळी बघितलेली नाही. त्याचं नाव त्या गुठळीला कसं चिकटलं हे खरं माहीत असणारा आता मी एकटाच उरलोय. म्हणून यंदा फौंड्री नाही.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

प्लास्टिक उष्णतेच्या बाबतीत आळशी आहे. कढईचा दांडा प्लास्टिकचा असतो तो याचसाठी. कढई तापते, दांडा तापत नाही. पण काही ठिकाणी नेमकं उलटं पाहिजे असतं. सौरपंपाचा कंट्रोलर घ्या. शेतात पत्र्याच्या खोपटात किंवा खांबावर एक डबा असतो, सूर्याची वीज पंपाला झेपेल अशी करून देतो. आतले भाग काम करताना तापतात. ती उष्णता डब्याच्या भिंतीतून बाहेर पडली नाही तर ते जळतात. डबा अॅल्युमिनियमचा केला तर उष्णता झकास जाते, पण तो जड, महाग, आणि आत काही बिघडलं तर शॉक देतो. म्हणून असं प्लास्टिक पाहिजे जे वीज अडवेल पण उष्णता सोडेल.

त्यासाठी प्लास्टिकमध्ये पावडर मिसळतात. आम्ही जी वापरायचो तिचं नाव बोरॉन नायट्राइड. दिसायला मैद्यासारखी पांढरी, हाताला इतकी गुळगुळीत की जमिनीवर सांडली तर माणूस घसरून पडायचा. ही उष्णता छान वाहून नेते आणि वीज अजिबात नेत नाही. आग लागल्यावर माणसं विहिरीपासून घरापर्यंत रांग करून बादल्या हातोहात देतात ना, तसं समजा. पावडरीचा कण म्हणजे रांगेतला माणूस. कण एकमेकांना लागून असले तर उष्णता हातोहात पुढं जाते. मधे मोकळी जागा राहिली, म्हणजे नुसतं प्लास्टिक राहिलं, की बादली तिथंच अडते.

हे मला तेव्हाही माहीत होतं. एक गोष्ट माहीत नव्हती, ती पुढं येईलच.

आमच्या कारखान्याचे मालक वयानं माझ्याहून लहान, पण सगळे त्यांना दादा म्हणत म्हणून मीही म्हणायचो. त्यांनी मला फौंड्रीतून उचलून आणलं. "चव्हाण सायब, तुम्हाला वितळलेलं काय बी चालतंय," म्हणाले. तेवढ्यावर मी डेव्हलपमेंटचा प्रमुख झालो. प्लास्टिक मी पुस्तकं वाचून आणि माल बिघडवून शिकलो. साठीच्या जवळ आलेल्या माणसाला नवीन शाळेत घातल्यासारखं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर इतकी मजा मला आयुष्यात दुसऱ्या कशात आली नाही. घरी चहाच्या कपात चमचा तापला की मी तो धरून बघत बसायचो, उष्णता दांड्यात कुठवर आली ते. बायको म्हणायची, "चहा प्यायचाय की त्याची परीक्षा घ्यायची हाय?"

गावडे डिप्लोमा झालेला होता. पावडर आणि प्लास्टिक एकत्र वितळवून त्याचा दाणा करायची जी मशीन असते ती त्याच्या ताब्यात. हे काम वाटतं तितकं सरळ नाही. कमी घोळलं तर गुठळ्या राहतात. जास्त घोळलं तर पावडरीचे पातळ कण मोडून चुरा होतात आणि उष्णतेची रांग तुटते. गावडे मशीन हळू चालवायचा. दुसऱ्या पाळीचे लोक त्याला चिडवायचे, "गावड्या, आमटी लागंल खाली." तो म्हणायचा, "लागू दे. कण मोडला तर तू जोडणार हायस काय?" अंगभर पांढरी पावडर घेऊन घरी जायचा. बायकोला त्यानं सुरुवातीला पिठाच्या गिरणीत आहे असंच सांगितलं होतं, कारण खरं सांगायला लागला की ती मधेच झोपायची.

गिऱ्हाईक निपाणीकडचे, हुक्केरी नावाचे. कंट्रोलर तेच बनवायचे, डबा आम्ही द्यायचा. मोठा गमत्या माणूस. डब्याच्या मागच्या भिंतीला आतून सगळ्यात तापणारा भाग स्क्रूनं बसवलेला असे, आणि बाहेरून त्याच भिंतीला हवा लागायला पट्ट्या. हुक्केरींची चाचणी साधी होती. कंट्रोलर चालू करायचा आणि बाहेरून पट्ट्यांवर हात ठेवायचा. "चव्हाण पावणं, माझा हात भाजला पायजे. भाजला तर तुमचा माल चांगला." आतली उष्णता बाहेर आली याची ती पावती. कंट्रोलरचा डबा बाहेरून गरम पाहिजे, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो आपल्याला वेडा समजतो.

गावडेनं दाणा केला, आम्ही त्याच्या सपाट पट्ट्या ओतल्या आणि उष्णता किती जाते ते मोजायला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथल्या एक बाई काम बघायच्या. त्यांचा फोन आला.

"काका, पट्टीच्या लांबीतून मोजायचं की जाडीतून?"

मी म्हणालो, "बाई, जिकडून आकडा चांगला येईल तिकडून मोजा."

त्या हसल्या, मीही हसलो. मग त्यांनी परत विचारलं, "नाही, खरंच सांगा. या मालात फरक पडतो."

मी म्हणालो, "लांबीतून मोजा. जाडी एवढीशी, तिच्यातून काय मोजणार."

हे उत्तर मी का दिलं ते लिहितो, कारण ही चूक पुण्या-मुंबईच्या प्लास्टिकवाल्यानं केली नसती. ती कोल्हापूरच्या ओतकाम करणाऱ्या माणसानंच करावी. माझं आयुष्य बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतण्यात गेलेलं. बिडाचा तुकडा आडवा धरा, उभा धरा, आमच्या कामापुरती उष्णता सगळीकडून सारखीच जाते. त्याला बाजू नसते. पदार्थाला बाजू असते, हे माझ्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं. लाकडी पळीतून आणि उसाच्या कांड्यातून मी ते शिकायला हरकत नव्हती. कांडं उभं सोललं तर सालपट सरसर निघतं, आडवं तोडायला मात्र दात पाहिजेत. पण तिकडं लक्ष कोण देतं.

आकडा आला. इतका चांगला आला की दादांनी पेढे आणले. कोल्हापुरात अॅल्युमिनियमला पर्याय निघाला, असं ते भेटेल त्याला सांगायचे आणि माझ्याकडं बोट दाखवायचे. गावडे कोपऱ्यात उभा राहून पेढा खात होता. मी त्याला म्हणालो, "हे तुझ्या मिक्सिंगचं." तो म्हणाला, "मी नुसतं ढवळलं सायब." खूश झाला होता. कान लाल व्हायचे त्याचे.

डबे गेले. पहिला उन्हाळा आला. आणि हुक्केरी एका टेम्पोत जळालेले कंट्रोलर घालून कारखान्यात आले. आम्ही एक उघडला. आतला भाग कोळसा झाला होता.

हुक्केरी म्हणाले, "शेतकरी सांगतोय, डबा बाहेरनं गार लागत होता, म्हणून तो खुशीत होता. बाहेरनं गार, आतनं जळालंय. तुमचं प्लास्टिक उष्णता सोडतच न्हाय की ओ."

माझा विश्वास बसेना. आकडा खोटा नव्हता. दादांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक ठेवली. मी परत आलेला एक डबा घेतला आणि दुपारभर त्याच्या मागं लागलो.

मागच्या भिंतीचा तुकडा व्हाइसच्या पकडीत धरून हातोड्यानं मोडला. मोडलेली कड उजेडात धरून बघितली. ती खारी बिस्किटासारखी होती. पापुद्र्यावर पापुद्रा, सगळे भिंतीला समांतर आडवे झोपलेले. बोरॉन नायट्राइडचा कण गोल नसतो, पातळ चकतीसारखा असतो. वितळलेलं प्लास्टिक साच्यात जोरानं शिरतं तेव्हा या चकत्या प्रवाहाबरोबर झोपत जातात, नदीच्या पुरात झाडं झोपतात तशा. पत्त्यांची गड्डी टेबलावर आडवी ठेवल्यासारखं सगळं होतं. उष्णता चकतीच्या अंगानं धावते, पण एका चकतीतून वरच्या चकतीत चढायचं म्हणजे प्रत्येक वेळी मधलं प्लास्टिक ओलांडावं लागतं.

तरी खात्री पाहिजे म्हणून मेणबत्ती आणली. भिंतीतून कापलेल्या पट्टीवर ओळीनं मेणाचे ठिपके ठेवले आणि एक टोक गरम तव्याला लावलं. ठिपके एकामागून एक पळत वितळले. मग तसाच तुकडा तव्यावर आडवा टाकला आणि वरच्या अंगाला मेण ठेवलं. खाली तवा तापलेला, वर मेण तसंच. मी बघत बसलो. मेण हलायला तयार नव्हतं. जाडी एवढीशी, आणि उष्णतेला ती चढता येत नव्हती.

लाज वाटण्याच्या आधी मला आनंद झाला होता, हेही लिहितो. इतकं सुंदर काही मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. एकच पदार्थ, एका बाजूनं धातूचा भाऊ आणि दुसऱ्या बाजूनं कढईचा दांडा. मी तो तुकडा फिरवून फिरवून बघत होतो तेव्हा गावडे दारात आला.

"काय सायब, दिवाळी काय आज? मेणबत्त्या लावल्यात."

"बघतोय जरा."

"सापडलं काय?"

"बघतोय," मी परत म्हणालो. तो थोडा थांबला आणि गेला.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. गावडे, हे बघ काय गंमत आहे, असं. त्याला ते माझ्याहून जास्त आवडलं असतं. पण तोपर्यंत आनंद ओसरला होता आणि त्या बाईंचा आवाज कानात आला होता. लांबीतून की जाडीतून? डब्यात उष्णता जाडीतून जायची होती. लांबीतून मोजा म्हणणारा मी.

बैठकीला दादा, हुक्केरी, गावडे आणि मी. एवढेच.

हुक्केरी गावडेला म्हणाले, "तम्मा, धाकटा भाऊ समजून सांगतोय, राग धरू नको. पण पीठ नीट मळलं न्हाईस की काय? एकीकडं पावडर जास्त, एकीकडं कमी, असं झालं असंल."

गावडे म्हणाला, "मी रोज दाणा फोडून बघतोय अण्णा. गुठळी न्हाय त्यात."

दादा म्हणाले, "मग आकडा एवढा चांगला आणि डबा असला कसा? चव्हाण सायबांनी मोजलेलं खोटं हाय म्हणतोस?"

"तसं कुठं म्हणतोय दादा. सायबांनीच काल डबा मोडून बघितलाय. मी डोळ्यानं बघितलंय. त्यास्नी इचारा की. ते सांगतील."

तिघांनी माझ्याकडं बघितलं. गावडे सगळ्यात निर्धास्त होता. त्याला खात्री होती की मी सांगेन.

मी म्हणालो, "मिक्सिंग एकदा तपासून बघायला हरकत नाही."

एवढंच. याच्यात खोटं काही नाही. मिक्सिंग तपासायला कधीच हरकत नसते. हे वाक्य मी नंतर मनात पुष्कळदा तपासलं, आणि प्रत्येक वेळी ते निर्दोष निघालं. म्हणून तर ते इतकं वाईट आहे. मला कशाची भीती होती? नोकरी जाण्याची नव्हती. भट्टीवाल्याच्या हातात प्लास्टिक द्यायला नको होतं, असं लोक म्हणतील, त्याची होती. दादांनी सगळ्या गावाला माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं होतं. तेच बोट परत माझ्याकडं यायला नको होतं.

गावडेनं काही वाद घातला नाही. तो माझ्याकडं बघत होता, पण रागानं नाही. त्याला वाटलं, त्याच्या मिक्सिंगमध्येच मला खरंच काहीतरी सापडलंय आणि मी त्याच्यासमोर ते सांगायला संकोचतोय.

दादांनी त्याला मिक्सिंगवरून काढून उरलेलं प्लास्टिक दळायच्या मशीनवर टाकलं. तिथंच ते बोलणं सुरू झालं. कुणाची आमटी करपली, गावडे झाला. कुणाच्या चहात साखर खाली बसली, गावडे झाला. पोरं हसायची, तोही हसायचा. मग त्यानं दुसरीकडं नोकरी बघायला सुरुवात केली, पण एमआयडीसी म्हणजे एक गल्लीच आहे. त्याच्या आधी त्याचं नाव पोचलेलं असायचं. शेवटी तो गावी जायचं ठरवून माझ्याकडं आला.

"सायब, गुठळी कुठं सापडली तर मला एक फोन करा. नोकरीसाठी न्हाय. कुठं चुकलं तेवढं कळाय पायजे. जिवाला लागून राहिलंय."

"करतो," मी म्हणालो.

डब्याचं पुढं काय झालं ते सांगितलं पाहिजे, कारण त्याबद्दल मला अजून अभिमान आहे आणि तो लपवून उपयोग नाही.

दुखणं मला एकट्याला माहीत होतं, त्यामुळं औषधही मीच शोधणार होतो. झोपलेल्या चकत्या उभ्या करायच्या होत्या, भिंतीच्या जाडीच्या दिशेनं. आधी लोहचुंबकाचा नाद केला. चकत्यांना लोखंडाच्या गंजाचा बारीक थर दिला, त्या पातळ रेझिनमध्ये घातल्या आणि भंगारातून आणलेल्या मोठ्या चुंबकात धरून तसंच घट्ट होऊ दिलं. चकत्या उभ्या राहिल्या. खरंच राहिल्या. सैनिकासारख्या. मी कारखाना डोक्यावर घेतला. पण एक तर हे डब्याडब्याला करणं परवडणारं नव्हतं, आणि गंजामुळं माल विटकरी झाला. हुक्केरी म्हणाले, "पावणं, शेतकऱ्याला वाटंल वीटच बसवलीय." चुंबक परत भंगारात गेला.

मग जे जमलं ते अळूवडीसारखं आहे. अळूची पानं एकावर एक पसरून तुम्ही गुंडाळी करता आणि सुरीनं आडवी कापता. कापलेली वडी ताटात ठेवली की काय दिसतं? पसरताना आडवी असलेली पानं आता उभी आहेत. आम्ही तेच केलं. चकत्या झोपतात तर झोपू दे म्हटलं. दाण्याच्या पातळ पट्ट्या काढल्या, त्यात चकत्या मस्त झोपल्या. त्या पट्ट्या एकावर एक रचून गरम दाबल्या, ठोकळा केला आणि ठोकळ्याचे वरून खाली काप काढले. काप आडवा ठेवला की त्यात सगळ्या चकत्या उभ्या. तो काप डब्याच्या भिंतीत, तापणाऱ्या भागाच्या बरोबर मागं बसवला. उष्णता सरळ आरपार. हुक्केरींनी डब्याच्या बाहेरच्या पट्ट्यांवर हात ठेवला आणि झटकन ओढून घेतला. बोटं तोंडात घालून म्हणाले, "आता बरं वाटलं."

अळूवडी करताना मला हे सुचलं असं लोक सांगतात. मी कधी अळूवडी केलेली नाही. पुष्कळ ठोकळे वाया घालवल्यावर ते सुचलं. पण गोष्ट म्हणून अळूवडी चांगली दिसते, म्हणून मीही कुणाला अडवलं नाही. न अडवण्यात मी तरबेज झालो होतो.

या कामाबद्दल उद्योजकांच्या एका समारंभात माझा सत्कार झाला. फेटा इतका घट्ट बांधला होता की भुवया वर ओढल्या गेल्या आणि फोटोत मी सतत चकित झालेला दिसतो. चकत्या उभ्या करण्यावर मी भाषण केलं. शेवटी समोरून कुणीतरी विचारलं, "मग आधीच्या डब्यात काय चुकलं होतं?" मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीतून दादा म्हणाले, "मिक्सिंग." लोकांनी माना डोलावल्या. मी पाणी प्यालो.

त्या कापासाठी वापरलेला दाणा गावडेच्याच पद्धतीनं केलेला होता. हळू मशीन, न मोडलेला कण. त्याच्या जागी आलेल्याला मी तेच शिकवलं आणि कुठून शिकलो ते सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, काजूच्या हंगामात, मी चंदगडला गेलो. फोन करून येतो म्हणालो. तो म्हणाला, "या की सायब, काजू बघायला तरी या." एसटीत बसल्यापासून मी वाक्य तयार करत होतो. गडहिंग्लजपर्यंत ते फार मोठं झालं होतं, त्यात माझ्या बाजूचं बरंच काही आलं होतं. पुढच्या घाटात ते कापून छोटं केलं. उतरताना एवढंच उरलं होतं: गावडे, तुझं मिक्सिंग बरोबर होतं, मी चुकीच्या बाजूनं मोजलं.

तो स्टँडवर घ्यायला आला होता. केस पिकले होते, अंगानं भरला होता. घरामागं शेडमध्ये त्याचं काजू भाजायचं आणि फोडायचं काम चालू होतं. त्यानं मला सगळं फिरवून दाखवलं. सालीचा चीक हाताला लागला की कातडी जाते म्हणून बायका हाताला तेल लावून बसल्या होत्या. "मैद्यातनं चिकात आलो सायब," तो म्हणाला. त्याच्या बायकोनं तांदळाची भाकरी आणि काजूची उसळ वाढली आणि मला विचारलं, "हे तिकडं खरंच गिरणीत न्हवते व्हय?" आम्ही तिघंही हसलो.

जेवणानंतर ती आत गेली. आम्ही पडवीत बसलो. आता बोलायचं, असं मी ठरवलं, आणि त्यानंच विचारलं, "सायब, अजून म्हणत्यात का तिकडं? गावडे झाला म्हणून?"

"नाही रे," मी म्हणालो. "आता कोण म्हणतंय."

"बरं झालं." मग म्हणाला, "तुम्ही फोन करणार होता. केला न्हाईसा, तवाच मी वळखलं. तुमचा जीव झाला न्हाय सांगायला. पण मलाच नंतर सापडलं बगा."

"काय सापडलं?"

"त्या पावसाळ्यात मी आईसाठी गावाकडं आलतो, एक पाळी दुसऱ्यावर सोडून. पावडरीचा ड्रम उघडा राहिला असणार. दमट हवा. त्यात वल धरली की कण एकमेकाला चिकटत्यात. बाहेरनं दाणा चांगला दिसतोय, आत मात्र बिघडलेला. लई दिवस डोकं लावलं तवा कळलं. माझ्याच हातनं झालं ते." त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुमचं नाव खाली गेलं माझ्यापायी. त्या दिवशी बैठकीत तुम्ही मला सांभाळून घेतलं, नुसतं तपासा म्हणाला. दुसरा असता तर सरळ बोलला असता. माफ करा सायब."

त्यानं हात जोडले होते. शेडमधून काजू फोडल्याचा टक टक आवाज येत होता. माझं वाक्य तोंडात तयार होतं, एवढंसं. ते एवढंसं वाक्य चढून वर येईना. त्यानं वर्षानुवर्षं डोकं लावून स्वतःची चूक शोधून काढली होती आणि ती सापडल्यावर त्याला झोप लागायला लागली होती. आता ती चूक काढून घ्यायची म्हणजे तिच्या जागी मला ठेवायला लागणार होतं. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. त्याच्यासाठी गप्प राहिलो, असं. बैठकीतल्या वाक्यासारखंच हेही समजावणं निर्दोष होतं.

मी त्याचे जोडलेले हात धरून खाली केले आणि म्हणालो, "जाऊ दे आता ते."

त्यानं माफी मिळाल्यासारखा मोठा श्वास सोडला.

संध्याकाळच्या गाडीला तो सोडायला आला. काजूची पिशवी खिडकीतून आत दिली आणि खिडकीला धरून उभा राहिला. "सायब, सकाळपासनं बघतोय, काय तरी बोलायचं राहिलंय तुमचं."

"नाही. काजू चांगले आहेत, एवढंच."

"घरात नेल्यावर गार जागी ठेवा," तो म्हणाला. कंडक्टरनं घंटी दिली.

त्यानंतरच्या वर्षी गावडे झोपेतच गेला. मला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. एमआयडीसीत माझं लिखाण जे कोणी वाचत असतील त्यांना एक विनंती आहे. गुठळीला गुठळी म्हणा. आणि गडहिंग्लजच्या पुढच्या घाटात कापून छोटं केलेलं ते वाक्य, जे चंदगडच्या पडवीत माझ्या तोंडातून आलं नाही, ते असं होतं: गावडे, तुझं मिक्सिंग बरोबर होतं, मी चुकीच्या बाजूनं मोजलं.